सोमवारची बदली

डिलाईल रोड, मुंबई
६ ऑगस्ट २०२४

गौतम,

जय भीम. अक्षर ओळखलंस ना? मग पाकीट न फोडता परत पाठवायचा विचार सोडून दे. पाठवणाऱ्याचा पत्ता मी मुद्दामच लिहिलेला नाही. महापालिकेच्या शाळेत जन्मभर पोरं हाकली आहेत मी, तुझ्यासारखी बरीच पाहिली.

फोन करून बघितला. वाजून वाजून बंद झाला. पत्राचं बरं असतं, ते दारात येऊन पडतं आणि कुणीतरी उचलावंच लागतं.

लिहायचं कारण तसं किरकोळ आहे. आबा मागच्या आठवड्यात मोरीपाशी घसरले. हाडबिड मोडलं नाही. ब्याण्णव वर्षांच्या माणसानं मधूनमधून घसरायचं नाही तर काय करायचं? डॉक्टरांनी तपासलं, साखरेच्या गोळ्या बदलल्या आणि बजावलं की या गोळ्यांवर असताना एकही जेवण चुकवायचं नाही.

आता तू तिकडे अकोल्यात कपाळाला हात लावला असशील. आबांचा सोमवार तुला नव्यानं सांगायला नको. तरी सांगते. मास्तरीण आहे, पहिल्यापासून सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

पासष्ट साल. मी दुसरीत होते, तू अंगठा चोखत होतास. लढाई नुकती संपलेली. रेशनवर गहू आला की चाळीत सण, आणि तो गहूही अमेरिकेच्या बोटीतून उतरलेला. पंतप्रधानांनी लोकांना सांगितलं, आठवड्यातून एकदा, सोमवारी संध्याकाळी जेवू नका. तेवढंच धान्य वाचेल. सोमवारी संध्याकाळी हॉटेलं बंद असायची. आपल्या चाळीत खोलीखोलीनं जेवण सोडलं. पुढे धान्य पिकायला लागलं आणि खोलीखोलीनं परत धरलं. आबांनी मात्र धरलं नाही. आई सांगून थकली, 'अहो, आता कुणी पाळत नाही.' ते म्हणायचे, 'सोडा म्हणून सांगितलं हुतं. धरा म्हणून कुनी सांगितलंय का?'

तर त्यांना 'धरा' म्हणून सांगणारा माणूस पाहिजे. माझं ऐकत नाहीत. तू उभं आयुष्य ज्वारीच्या संशोधनात काढलंस. धान्याच्या बाबतीत ते ऐकतील तर तुझंच. एका सोमवारी ये आणि त्यांना जेवायला लाव. बाकी काही बोलू नकोस हवं तर.

शेवंताक्का


२७ ऑगस्ट

गौतम,

तुझं कार्ड मिळालं. 'तब्येतीचं कळलं. चांगल्या डॉक्टरांना दाखवावे.' एवढंच, आणि खाली सही. वर्गात असतास तर 'निबंध अपुरा' असा शेरा मारून वही भिरकावली असती. पण कार्ड उशाखाली ठेवलंय. खोटं कशाला बोलू.

आणि खोट्यावरून आठवलं. आबा घसरले असं मी लिहिलं, ते तितकंसं खरं नाही. सोमवार होता. दिवेलागणीला मी हाक मारली तर ओ नाही. मोरीच्या कट्ट्याला टेकून बसले होते, अंग घामानं थबथबलेलं, डोळे उघडे, पण मला ओळखत नव्हते. साखर पार उतरली होती. शेजारच्या वैभवनं उचलून टॅक्सीत घातलं. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर हाती लागले नसते. त्यानंतरच्या सोमवारी म्हातारा परत उपाशी. आता सोमवारी रात्री मी दोनदा उठून त्यांना हाक मारून बघते.

मी वाद घालून पाहिला. पेपर समोर धरला, 'आबा, गोदामं भरलीत. तांदूळ ठेवायला जागा नाही.' तर म्हणतात, 'टीव्हीवर तर सांगत्यात, ऐंशी कोट लोकांस्नी फुकट धान्य द्यावं लागतंय. म्हंजी अजून लागतंय की. असू दे आपला वाटा.' युनियनच्या सभा ऐकून ऐकून जीभ तयार झालेली, मी काय पुरी पडणार?

परवा त्यांना सांगितलं की त्यांच्या गिरणीच्या जागेवर मॉल झालाय, तिथल्या हॉटेलात ज्वारीची भाकरी मिळते, पाटीवर 'मिलेट' लिहितात आणि साहेबलोक रांग लावतात. खूश झाले. म्हणाले, 'आपल्या गौतमची असंल ती ज्वारी.' तुझं नाव ते असं मधूनच काढतात. मी काही बोलत नाही, कारण बोलले तर थांबतील.

आता तुझ्या लग्नाचं लिहिते. तू लिहिणार नाहीस, तेव्हा मलाच लिहायला हवं.

आपण मुहूर्त मानत नाही. मूर्तिजापूरला बोलणी झाली तेव्हा नम्रताच्या वडिलांनी मोठ्या अभिमानानं सांगितलं, शाळेला सुट्टी आहे, मांडववाला मोकळा आहे, ठरली तारीख, तिथी-वार बघणारे आपण नव्हे. आपणही माना डोलावल्या. वार कुणी म्हणजे कुणीच पाहिला नाही. लग्न लागलं, संध्याकाळी पंगत बसली, आणि आबा पानाला हात जोडून तसेच बसून राहिले. तुझ्या सासऱ्यांनी विचारलं, 'व्याहीबुवा, घ्या ना.' आबा म्हणाले, 'आज सोमवार हाय.'

मांडवात काय पसरलं ते तुला सांगायला नको. दीक्षा घेतलेल्या माणसाला सोमवार कसला? का मग मुंबईवाल्यांना आमच्या हातचं चालत नाही? ज्यांच्या हातचं गावानं पिढ्यान्पिढ्या खाल्लं नाही, त्यांच्याच अंगणात त्यांचा सख्खा व्याही अन्नाला शिवत नव्हता. तू वाकून त्यांच्या कानाशी म्हणालास, 'आबा, एक घास. माझ्यासाठी.' मी शेजारच्याच पानावर होते. त्यांनी तुझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

मी नंतर तुझ्या सासऱ्यांना सगळं समजावलं. त्यांना ते पटलं, डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. तुला पटलं नाही, कारण तुला आधीपासूनच ठाऊक होतं. ठाऊक असून तू एक घास मागितलास आणि तो मिळाला नाही. पुन्हा आबांच्या खोलीची पायरी चढणार नाही म्हणालास, आणि शब्द पाळलास. आई गेली तेव्हासुद्धा स्मशानातून परस्पर स्टेशनवर गेलास.

तुझा राग खोटा नव्हता, गौतम. पण आता तो त्यांच्या वयाला झेपणारा नाही.

अक्का


१७ सप्टेंबर

गौतम,

रागावणार नसशील तर एक सांगते. रागावणार असलास तरी सांगते.

आज विसर्जन आहे, बाहेर ढोलांनी कान किटलेत, खिडकी लावून लिहितेय. काल संध्याकाळी या असल्या गर्दीतून वाट काढत एक मुलगी जिना चढून वर आली. जीन्स, गळ्यात ऑफिसचं कार्ड, आणि चेहऱ्याच्या मधोमध आबांचं नाक. 'आत्या ना तुम्ही?' म्हणाली.  तुझी अनुजा किती मोठी झाली रे! लोअर परळला नोकरीला लागली, दोन पावलांवर, आणि आम्हाला पत्ता नाही. तिला बोलू नकोस. ती आपणहून आली, मी बोलावलं नव्हतं. बोलवायचं धाडसच नव्हतं मला.

आबांनी तिला जवळ बसवून घेतलं. हात हातात घेऊन नुसते कुरवाळत होते. मी पोहे केले. तिनं आधी आबांपुढे बशी धरली. मी म्हटलं, 'त्यांना नको देऊस बाळा, सोमवार आहे.' पोरगी थबकली. म्हणते कशी, 'अय्या, म्हणजे आबांना पण? पप्पा पण मंडेला संध्याकाळी काही खात नाहीत. त्यांना अ‍ॅसिडिटी होते ना.'

अ‍ॅसिडिटी!

फक्त सोमवारी, फक्त संध्याकाळी होणारी अ‍ॅसिडिटी. शास्त्रज्ञ म्हणवतोस स्वतःला? पोरीला सांगायला याहून बरी थाप सुचली नाही? मी विचारलं, कधीपासून आहे गं हे? ती म्हणाली, 'मला आठवतंय तेव्हापासून. मम्मी त्या दिवशी आमच्या दोघींपुरताच स्वयंपाक करते.'

मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारून आले. आबांना नीट ऐकू येत नाही, त्यामुळे त्यांच्यापर्यंत हे पोचलं नाही. सांगू की नको ते मला ठरवता येईना. इतकी वर्षं आम्ही इथे आणि तू तिथे, एकाच संध्याकाळी उपाशी बसत होतो म्हणायचं. म्हणजे तुम्ही दोघं. मी जेवत होते बाबा, मला भूक सहन होत नाही.

अक्का


२४ सप्टेंबर

गौतम,

सांगितलं मी आबांना.

आधी कानाशी जाऊन, मग मोठ्यानं, मग वैभवची आई दारातून डोकावून 'काय झालं?' विचारेपर्यंत मोठ्यानं. आबांनी ऐकलं. 'कवापासनं?' एवढंच विचारलं. मी म्हटलं, पोरगी म्हणते, तिला कळतंय तेव्हापासून. मग खिडकीकडे तोंड करून बसले. मला वाटलं विषय संपला. भांडी घासून आले तर आपणहून बोलायला लागले. ते तुला कधी सांगितलं होतं का, मला माहीत नाही. मला कधी सांगितलं नव्हतं.

'गावाला येसकराची, गावराखनीची पाळी आली की आई घरोघर भाकरी मागाया जायची. मी संगं, टोपलं धराया. वरनं टाकायचे. शिळी, वाळली, कसली बी. छप्पन सालापासनं ते बंद केलं आपुन. पर टोपलं काय मनातनं जाईना. मुंबईत पगार मिळायचा तवा बी वाटायचं, कुनीतरी वरनं टाकतंय. मंग पासष्ट साली सांगितलं, तुमचं एक जेवान द्या. पोरी, देशानं माज्याकडं मागितलं. कुशाबाकडं. आमच्याकडं कुनी कदी मागितलंच नव्हतं, आमी देनार तरी काय? म्हनलं, हे घ्या. दर सोमवारी घ्या.'

मी विचारलं, 'आणि गौतमच्या लग्नात?' ते म्हणाले, 'दिल्यालं मागं कसं घ्यायचं?'

मग म्हणाले, 'आमच्या रिंगखात्यात पाळीचा भोंगा झाला म्हनून साचा, म्हंजी सुताचं मशीन, सोडून जाता येत नव्हतं. पुढच्या पाळीचा गडी साच्याम्होरं येऊन उभा ऱ्हायला की मंगच हलायचं. तो न्हाई आला तर बदलीवाला. तोवर पाय मोडले तरी उभं ऱ्हायचं.' मी लगेच म्हटलं, 'मग बदलीवाला आहे की तुमचा. अकोल्यात उभा आहे इतकी वर्षं.' त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जशी मी गिरणीतलं काहीच न कळणारी बाई आहे. 'अकोल्यात उभा ऱ्हाऊन भागतंय व्हय? साच्याम्होरं यावं लागतं.'

आता तुला तब्येतीचं, गोदामांचं, ऐंशी कोटींचं काही समजवायचं नाही. त्यांना जेवायला सांगायचंसुद्धा नाही. फक्त यायचंय, सोमवारी, आणि त्यांच्या समोर उभं राहायचंय. छप्पनच्या दीक्षेची तारीख, चौदा ऑक्टोबर, यंदा सोमवारीच आहे. दसऱ्याला तू नागपूरला दीक्षाभूमीवर जात असशीलच. तिथून पुढे ये.

अक्का


५ ऑक्टोबर

गौतम,

तुझं उत्तर नाही. बरं.

या सोमवारी मी फसवायचा प्रयत्न केला. दिवस मंगळवार असल्याचं सांगितलं, दुधात पोळी कुस्करून पुढे ठेवली. आबांनी वाटी बाजूला सारली आणि म्हणाले, 'मास्तरीनबाई, खोटं शिकवू नगा.' मग मी त्यांना साखर-पाणी पाजलं, औषध म्हणून. तेवढं घेतात. पण डॉक्टर म्हणतात यावर किती दिवस काढणार? हात बघितलेस तर तुला ओळखू येणार नाहीत, नुसती कातडी.

आज तुला बोलवायला लिहीत नाहीये. उगीच लिहितेय. रेशनच्या रांगेत मी तुला कडेवर घेऊन उभी राहायचे, आठवतं? माझं मला कडेवर घ्यायचं वय, आणि तू तर नुसता गोळा. खांदा भरून यायचा, पण खाली ठेवलं की तू कुणाच्याही पिशवीत हात घालायचास. आणि बहात्तरच्या दुष्काळातली ती मिलो? तांबडी, उग्र वासाची परदेशी ज्वारी, भाकरी थापली की तुकडे पडायचे. तू ताटातून भिरकावलीस. मला वाटलं आबा आता फोडून काढणार. त्यांनी तुकडे वेचून स्वतःच्या ताटात घेतले आणि म्हणाले, 'न्हाई आवडत ना? मंग मोठा हो आनि चांगली पिकव.' त्यावर तू फुरंगटून 'पिकवीन' म्हणालास. आई कितीतरी दिवस सगळ्यांना सांगून हसायची. मग खरंच शेतकीला गेलास. तुझ्या खात्यात नवं वाण निघाल्याची बातमी पेपरात आली की आबा मला मोठ्यानं वाचायला लावायचे, आणि वाचून झाल्यावर 'परत वाच' म्हणायचे.

मला तुझी फार आठवण येते रे. आबांसाठी ये, असं इतके दिवस लिहिलं. ते खरंच आहे. पण आबा गेले की तुझं लहानपण ठाऊक असलेली मी एकटीच उरेन, आणि माझं ठाऊक असलेला तू. मग मी कुणाशी बोलू?

अक्का


१६ ऑक्टोबर

गौतम,

पोचलास का? अनुजाला फोन केला तर ती म्हणाली, पोचले, झोपलेत. झोप.

तू दारात आलास तेव्हा मी कुकर लावत होते. पाठमोरी होते, पण जिन्यावरची पावलं ऐकूनच शिट्टी हातातून पडली. लहानपणी दोन पायऱ्या गाळून चढायचास, आता पायरीपायरीला थांबत चढतोस. केस किती पिकलेत तुझे! हे सगळं तुला तोंडावर सांगायचं होतं, पण तू आलास तो सरळ आबांच्या कॉटसमोर जाऊन उभा राहिलास. चपलासुद्धा काढल्या नाहीस. म्हणालास, 'आबा, मी आलोय. सोडा आता.'

आबांनी तुला खालून वरपर्यंत न्याहाळलं. 'लई उशीर केलास,' म्हणाले, आणि मला हाक मारली, 'शेवंते, ताट वाढ.'

वरणात भाकरी तूच कुस्करून दिलीस.  त्यांनी सगळं खाल्लं, वाटी पुसून खाल्ली. तू समोर बसून बघत होतास. मी सवयीनं तुझंही ताट घेतलं, तर तू नुसती मान हलवलीस. मला हसूही येईना आणि रडूही येईना. मग दादरची गाडी गाठायची म्हणून उठलास. म्हणजे इतक्या वर्षांनी घरी आलास आणि पाण्यावर गेलास.

आता तू गेल्यावरचं सांगते. तुला ते माहीत असायला पाहिजे म्हणून तर लिहायला बसले.

काल मंगळवारी सकाळी आबांना चहा दिला. बशीत ओतून घेतला, फुंकर मारली, आणि प्यायचा सोडून बोलायला लागले. 'गौतमच्या लग्नात वांग्याची भाजी हुती. वर तेलाचा तवंग, लालभडक. कढी हुती. पोळ्या तर आशा मऊ, हातानं तोडाया नकोत. आनि बुंदी. वाढनाऱ्यानं मी नको म्हनायच्या आत दोन डाव टाकली पानावर. गरम हुती. वास अजून याद हाय.'

मी म्हटलं, 'तुम्हाला एवढं सगळं आठवतं?'

'समूर ठेवल्यालं पंगत उठस्तोवर बघत बसलो हुतो, आठवंल न्हाईतर काय.' मग चहाचा एक घोट घेतला. 'पोरी, त्या दिवशी मला लई भूक लागली हुती.'

एवढं म्हणून ते रडले, गौतम. मी त्यांना आईच्या वेळीही रडताना पाहिलं नव्हतं. इतकी वर्षं आपण सगळे त्यांनी का खाल्लं नाही तेच विचारत राहिलो. त्यांना भूक लागली होती का, हे कुणी विचारलंच नाही. मीसुद्धा नाही, आणि मी तर शेजारच्याच पानावर होते.

नम्रताला सांग. माझ्या हातून ती भाजी तशी होणार नाही, तिच्याकडचा मसाला वेगळा असतो. तिला म्हणावं, सासऱ्याचं जेवण तुझ्या माहेरच्या मांडवात राहून गेलंय, ते वाढायला ये. बुंदी मी इथे सांगून ठेवते. मंगळवारी या, बुधवारी या, रविवारी या. सोमवार तेवढा सोड, तो आता तुझा आहे. पण या, आणि लवकर या, ज्यांना वार कधी चुकला नाही ते आबा काल-आज सकाळी मला वार विचारायला लागलेत.

शेवंताक्का